हौदातले मासे, काचेतले मासे आणि नदीतले मासे



ऊस विकास अधिकाऱ्याने माशांवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. आमच्याकडून आपण बेणे, लागण, खोडवा, हुमणी, ठिबक हेच ऐकत आलेले आहात. पण नोंदीच्या कामासाठी आम्ही आपल्या बांधावर येतो, तसे आपल्या ओट्यावरही बसतो. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भादव्यातली गोष्ट. तापीकाठच्या एका गावी आडसाली उसाची नोंद घ्यायला गेलो होतो. घर जुन्या सभासदाचे. त्यांना आपण नाना म्हणू. नानांची सात वर्षांची नात खाटेवर पडलेली. डेंग्यूच्या तापाने पाच दिवस दवाखान्यात काढून आदल्याच दिवशी घरी आली होती. पेशी उतरल्या होत्या, घरच्यांनी रात्री जागून काढल्या होत्या. मूल वाचले, पण घर हादरून गेले होते.

चहा येईपर्यंत आमचे लक्ष कोनाड्याकडे गेले. तिथे काचेचा गोल गोळा रिकामा ठेवलेला. चौकशी केली तेव्हा नाना म्हणाले, "सायेब, नातीच्या हट्टापायी भुसावळहून दोन सोनेरी मासे आणले व्हते. आठ दिसात दोन्ही मेले. आपल्याकडचं पाणीच वाईट, दुसरं काय!"

मग हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. गोठ्याजवळ सिमेंटचा हौद, सहा फूट लांब, चार फूट रुंद. पाणी स्वच्छ, तळ दिसावा इतके. त्या स्वच्छ पाण्यात वरपासून खालपर्यंत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नानांना बोलावून दाखवल्या. ते म्हणाले, "हे वळवळे तं नेहमीच असतात. पावसाळ्यात येतात, जातात."

नानांच्या घरी मासे आले होते, पण नको त्या जागी आले होते. जिथे मासा जगणार नाही त्या गोळ्यात दोन ठेवले आणि जिथे मासा हवा होता तो हौद रिकामा राहिला. ही गोष्ट एकट्या नानांच्या घरची नाही. म्हणून घरात, अंगणात आणि शेतात कोणता मासा कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये, याविषयी चार शब्द लिहितो.

गोळ्यातले मासे का मेले?

पाणी वाईट होते म्हणून नव्हे. पाणी थोडे होते म्हणून.

सोनेरी मासा, म्हणजे गोल्डफिश, हा मूळचा चीनमधला. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. चिनी लोकांनी हजार वर्षांपूर्वीच तळ्यातल्या करड्या माशांतून रंगीत निवडून त्याची पैदास केली. तो काही बोटभर राहणारा मासा नाही. चांगला सांभाळला तर वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. त्याला थंडसर पाणी मानवते, १८ ते २४ अंशांच्या आसपासचे. आणि आपल्या भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो.

पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर साडेसात आणि ३५ अंशांवर सातच्याही आत. पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणजे आवक घटते आणि खर्च वाढतो. त्यातून गोळ्याचे तोंड अरुंद. पाण्यात हवा शिरते ती पृष्ठभागातून, आणि तोच लहान.

दुसरे कारण माशाच्या मैल्याचे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. हा अमोनिया विषारी असतो. मुरलेल्या पाण्यातले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा विष उतरते. सभासद बंधूंना हे काही नवीन नाही. आपण उसाला युरिया टाकतो तेव्हा जमिनीत हेच घडते. युरियाचा अमोनिया होतो आणि नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर हे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, मग ते पिकाला लागू पडते. नव्या काचेच्या पेटीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नानांनी पहिल्याच दिवशी दोन मासे सोडले, वर नातीने प्रेमाने दिवसातून पाच वेळा खाद्य टाकले. न खाल्लेले खाद्य कुजले, त्याचाही अमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसले म्हणून सगळे ओतून नळाचे ताजे पाणी भरले. नळाच्या पाण्यात क्लोरिन, तेही माशाच्या कल्ल्यांना जाळणारे. एवढे झाल्यावर मासे आठ दिवस टिकले, हेच विशेष.

तेव्हा गोल गोळ्यात कोणताच मासा ठेवू नये. तो गोळा हळदी-कुंकवाच्या फुलांना ठेवावा.

हौदाचा मासा: गप्पी

आता हौदाकडे वळू. डेंग्यूचा डास घाण गटारात होत नाही. घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा, असे आरोग्य खाते सांगत असते. माठ, पिंप, कूलर यांना ते जमते. पण हजार-दीड हजार लिटरचा गुरांचा हौद दर आठवड्याला कोण ओतणार? अशा हौदासाठी गप्पी मासा आहे.

गप्पी हा दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग आणि त्रिनिदाद बेट इकडचा. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी याचे नमुने लंडनच्या संग्रहालयाला पाठवले. १८६६ साली त्यांच्या नावावरून त्याला शास्त्रीय नाव दिले गेले. पुढे ते शास्त्रीय नाव बदलले, पण गप्पी हे नाव जगभर राहिले. कानाला आपल्या गप्पांसारखे लागते म्हणून मुलांच्याही चटकन लक्षात राहते.

हा मासा अंडी घालत नाही, पिल्लेच देतो. मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्ले देते, कधी जास्तही. मादी दीड-दोन इंचांची, मातकट रंगाची. नर तिच्याहून लहान, पण शेपटीला रंग. सरकारी माहितीप्रमाणे एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते आणि अळी श्वास घ्यायला पाण्याच्या वरच्या थरात येते. म्हणजे भक्ष्य आणि खाणारा एकाच थरात.

सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१) जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात गप्पी माशांची चौकशी करावी. ज्यांच्या हौदात ते आहेत अशा शेजाऱ्याकडून आणले तरी चालतील.

२) नानांच्या हौदाएवढ्या हौदाला आठ-दहा मासे पुरेत. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. दोन-तीन महिन्यांत ते आपोआप वाढतात.

३) मासे आणलेली पिशवी वा डबा अर्धा तास हौदातच तरंगत ठेवावा. दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी झाली की मग सोडावे. एकदम ओतू नये.

४) खाद्य घालू नये. पोट भरलेला मासा अळ्यांमागे कशाला जाईल?

५) हौद धुताना सगळे पाणी सोडू नये. मासे बादलीत काढावेत, तळाचे थोडे जुने पाणी राहू द्यावे, मग नवे भरावे.

६) थंडीत पहाटे पाणी फार गार झाले तर गप्पी मरतात. पौष महिन्यात हौदावर रात्री गोणपाट टाकावा. उन्हाळ्यात अर्ध्या हौदावर सावली करावी.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र मासे सोडू नयेत. तिथे टीसीएल पावडर टाकावी लागते आणि टीसीएलने मासा मरतो. पिण्याच्या टाकीला घट्ट झाकण आणि कपडा, वापराच्या हौदाला गप्पी, अशी वाटणी ठेवावी. "माशाचं पाणी म्हशी पितीन का?" असे नानांनी विचारले. खुशाल पितात. नदीत, डोहात मासेच असतात आणि गुरे तिथलेच पाणी पीत आलेली आहेत.

हौस म्हणून काचेची पेटी

मुलांची हौस मारू नये. आपल्याकडे माशांची आवड जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात माशांच्या जाती आणि त्यांना घालायचा चारा यांचे वर्णन आलेले आहे. मुंबईला मरिन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. खानदेशातून मुंबईला गेलेल्या कित्येकांनी तिथे काचेला नाक लावून मासे पाहिलेले असतील.

पेटी घ्यायची तर लहान घेण्यात पैसे वाचत नाहीत. थोडे पाणी लवकर तापते, लवकर बिघडते. निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी घ्यावी. तिच्यात पंचावन्न लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन पंचावन्न किलो. त्यात वाळू आणि काच धरली की डळमळीत टेबलावर ती ठेवता येत नाही. खिडकीच्या उन्हात ठेवू नये, पाणी हिरवे होते. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घालावे. हवेचा लहान पंप लावावा. वीज गेली तर तांब्याने पाणी वर उचलून चार-सहा वेळा धार धरावी, तेवढ्याने हवा मिसळते. दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. काढलेले पाणी तुळशीला वा मिरचीच्या वाफ्याला घालावे, त्यात नायट्रेट असते.

सुरुवातीला मासे थोडेच, चार किंवा पाच. एक महिना गेला, पाणी मुरले की आणखी चार. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच.

कोणते मासे निवडावेत? आमचे मत असे की नवख्याने गप्पी, मोली, प्लॅटी यांपासून सुरुवात करावी. हे तिन्ही पिल्ले देणारे, काटक आणि स्वस्त. पेटीत पाणवनस्पती दाट लावाव्यात, म्हणजे पिल्लांना लपायला जागा मिळते, नाहीतर आईबापच त्यांना खातात. यांच्यात लढाऊ मासा, म्हणजे फायटर, घालू नये. गप्पीची शेपटी त्याला शत्रूची वाटते. दोन नर फायटर तर एका पेटीत कधीच ठेवू नयेत, एक मरेपर्यंत भांडतात. गोल्डफिशही गप्पींबरोबर नको. एकाला गार पाणी हवे, दुसऱ्याला कोमट, आणि मोठा झालेला गोल्डफिश तोंडात मावेल ते खातो.

हौशी माणसाने आपल्या मुलखातले मासेही पाहावेत. पावसाळ्यानंतर नाल्याच्या डबक्यात बोटभर मासे चमकताना आपण लहानपणापासून पाहिलेले आहेत. त्यांत शेपटीजवळ आणि कल्ल्यामागे काळा ठिपका असलेली एक लहान जात आहे. अंगभर काळी रेघ असलेली रासबोरा आहे. आणि काचेसारखा आरपार दिसणारा, ज्याचा काटा न् काटा मोजता येतो असा काचमासाही महाराष्ट्रातल्या नद्यांत सापडतो. हे आपल्या उन्हाळ्याला सरावलेले. मुलांना दाखवायला यांच्याइतके मनोरंजक काही नाही.

याच काचमाशाला सुईने रंग टोचून गुलाबी, हिरवा, पिवळा करून विकण्याचा एक वाईट प्रकार परदेशच्या बाजारात चालत आलेला आहे. टोचलेला मासा आजारी पडतो आणि वाचला तर काही महिन्यांत रंग उडतो. असा रंगवलेला मासा दिसला तर घेऊ नये. तसेच नदीतले मासे धरून विकायचा धंदा कोणी मांडू नये. केरळच्या नद्यांतला लाल-काळ्या पट्ट्याचा, मिस केरला नावाने प्रसिद्ध झालेला मासा परदेशी हौशींसाठी इतका उपसला गेला की त्याची संख्या घटली. चार मासे मुलांसाठी आणणे वेगळे आणि डोह गाळणे वेगळे.

अंगणातले टाके

काही सभासदांनी नव्या घरापुढे कमळाचे टाके बांधलेले आहे. शोभा चांगली, पण टाके एक फूट खोल असेल तर वैशाखात माशांचे हाल होतात. निदान अडीच-तीन फूट खोली ठेवावी, म्हणजे तळाचे पाणी थोडे गार राहते. दुपारच्या उन्हाला शेडनेट बांधावे. निंबाखाली टाके बांधू नये, पाला पडून कुजतो आणि प्राणवायू खातो. खंड्या पक्षी आणि मांजर यांच्यासाठी वरून जाळी हवी. लहान मूल घरात असेल तर जाळी हवीच हवी.

अशा टाक्यात सावली असेल तर साधा लांबट गोल्डफिश जगतो. दुहेरी शेपटीचे, फुगीर पोटाचे, डोळे बाहेर आलेले नखरेल प्रकार घेऊ नयेत, ते नाजूक असतात. कोई मासा दुकानात बोटभर दिसतो म्हणून फसू नये. जपानमध्ये निगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्याच्या माशातून रंगीत निघालेले निवडून हा प्रकार तयार केला. म्हणजे शेतकऱ्याचीच निवड, आपण बेण्याची करतो तशी. पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याला टाके नव्हे, तळे लागते.

शेततळ्यातले मासे

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर आपल्या भागात शेततळी वाढली. उसाला आणि केळीला ठिबकने पाणी देता देता त्याच पाण्यात मासे होतात. इथे शोभेचे मासे सोडून पैसा घालवू नये. कटला, रोहू आणि मृगळ हे तीनच धरावेत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाच रानात तीन थरांची पिके घेण्यासारखे हे आहे. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हे सर्वसाधारण प्रमाण. त्या हिशेबाने दहा गुंठे पाण्याला पाचशे ते हजार. नवख्याने पाचशेच सोडावीत. तळ्यात पाणगवत फार असेल तर थोडे गवत्या मासे घालावेत.

उन्हाळ्यात किंवा सलग ढगाळ हवेत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्यांना भूक लागली असे समजून खाद्य टाकू नये. रात्रभर शेवाळानेही प्राणवायू ओढलेला असतो, पाणी गुदमरलेले असते. लगेच पंप चालू करून त्याच तळ्याचे पाणी त्याच तळ्यात उंचावरून पाडावे.

आणि माशांपेक्षा मोठी गोष्ट. प्लास्टिक कागदाच्या तळ्याचा काठ ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. मासे पाहायला पोरे जाणारच. पोहता येणारा मोठा माणूसही त्या कागदावरून वर चढू शकत नाही. तारेचे कुंपण, चारी बाजूंना पाण्यापर्यंत सोडलेले गाठीचे दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा, एवढे केल्याशिवाय मासे सोडूच नयेत.

मासा हा साक्षीदार

आता आमच्या खात्याचा विषय. मागे एका सभासदाच्या हौदातले सगळे गप्पी एका सकाळी उलटे तरंगले. ते आमच्यावरच रागावले. "सायेब, तुमचे मासे कच्चे निघाले!" हौदाजवळ पाहिले तर आदल्या संध्याकाळी गड्याने पाठीवरचा पंप तिथेच धुतलेला होता. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन या गटातली औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. वाळवीसाठी वापरतात ते क्लोरपायरीफॉसही तसेच. मोरचूदही माशांना मारतो. थेंबभर औषध हौदभर मासे मारायला पुरते.

आम्ही त्यांना विचारले, "आज सकाळी म्हशींनी कोणतं पाणी प्यायलं?" ते गप्प झाले.

हे ध्यानात ठेवावे. मासा कच्चा नसतो, तो आपल्या आधी सांगतो. हौदातले, विहिरीतले मासे एकाएकी मेले तर ते पाणी गुरांना पाजू नये, माणसांनी वापरू नये, आधी कारण शोधावे. पंप धुण्याची जागा विहीर, हौद आणि नाला यांपासून दूर असावी. धुतलेले पाणी त्याच पिकाच्या तासात फवारून टाकावे. रिकामे डबे पाटात बुचकळू नयेत.

दुसऱ्याला सांगताना आपल्या धंद्याकडेही पाहिले पाहिजे. साखर धंद्याचे सांडपाणी आणि आसवनीचे काळे पाणी प्रक्रिया न करता नाल्यात गेले, तर त्यातला गोड अंश खाणारे जिवाणू पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात आणि खालच्या डोहातले मासे मरतात. कारखाना सभासदांचा आहे, तशी ही जबाबदारीही सभासदांची आणि आम्हा नोकरांची आहे. कुठे नाल्यात मेलेले मासे दिसले तर कोणाचा मुलाहिजा न ठेवता कळवावे.

नको झालेला मासा नदीत सोडू नका

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मासा मोठा झाला, पेटी लहान पडली, पोरांचा उत्साह ओसरला, की पुण्य लागेल म्हणून लोक तो तापीत नेऊन सोडतात. हे पुण्य नाही.

परदेशातून आणलेल्या माशांचे काय होते ते उजनीच्या कोळ्यांना विचारावे. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया तिथे चिलापी म्हणून ओळखला जातो. तो इतका माजला की जाळ्यात चिलापीच फार आणि देशी मासे कमी, अशी स्थिती झाली. मत्स्यालयाची काच चाटून साफ करणारा सकर मासा भारतातल्या अनेक जलाशयांत पोचला आहे. त्याच्या अंगावर चिलखतासारखे काटे असतात, जाळी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नाही. थाई मांगूर तर हिंस्र म्हणून २००० सालापासून आपल्या देशात बंद आहे. कोणी स्वस्त बीज म्हणून देऊ लागला तरी शेततळ्यात सोडू नये, पुरात तो नाल्याने नदीत जातो. डास मारण्यासाठी १९२८ साली इटलीहून आणलेला गंबुसिया मासाही उघड्या पाण्यात देशी लहान माशांची पिल्ले आणि बेडकांची पोरे खातो, असा जगभरचा अनुभव आहे. आमच्या गप्पीलाही हाच नियम. तो हौदात, बंद टाक्यात शोभतो, वाहत्या पाण्यात नाही.

माशांचेच कशाला, जलपर्णी पाहा. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून ती शोभेसाठीच या देशात आणली गेली. आज कित्येक नद्या-तलावांवर तिने चादर पांघरली आहे आणि ती काढायला दरवर्षी मशिने लावावी लागतात.

आपल्या दारात तापी आहे. मुलताईला उगम पावून सुरतेला समुद्राला मिळेपर्यंत ती सव्वासातशे किलोमीटर वाहते. चांगदेवाला पूर्णा तिला भेटते आणि त्याखाली हतनूरचे ४१ दरवाजांचे, १९८२ साली पुरे झालेले धरण. त्या पाण्यावर आपला ऊस आहे, केळी आहे, भुसावळ शहराची तहान आहे आणि जाळे टाकून पोट भरणारी कुटुंबेही आहेत. त्यांना कारखान्याचा भाग नाही, उसाचे बिल नाही. त्यांचे पीक नदीतच असते. आपल्या पेटीतला एक नकोसा मासा त्यांच्या पिकात हुमणीसारखा शिरू शकतो. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, शाळेच्या पेटीला द्यावा. नदीला मात्र देऊ नये.

नानांचा हौद

आश्विनात आम्ही परत नानांच्या गावी गेलो. शेजारच्या गावातून आणलेले दहा गप्पी आम्ही त्यांच्या हौदात सोडले होते. नात आता हिंडू-फिरू लागली होती. आमचा हात धरून ती हौदाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "काका, मोजा." मोजता येईनात इतकी पिल्ले झाली होती. अळी एकही दिसली नाही. नानींनी त्यातले काही भाचीच्या गावाला बरणीतून पाठवलेही होते.

पण कूलरमध्ये मागच्या उन्हाळ्याचे पाणी तसेच होते, आणि त्यात अळ्या होत्या. तो आम्ही नानांच्या समोर ओतला. गप्पी कूलरमध्ये जात नाही, तिथे आपल्यालाच हात घालावा लागतो.

यापुढे नोंदीला येऊ तेव्हा उसाबरोबर आपला हौदही पाहणार आहोत. ज्यांच्याकडे गप्पी वाढलेले आहेत त्यांनी आपल्या गटातल्या शेतकी कर्मचाऱ्याला सांगावे, म्हणजे ज्यांना हवेत त्यांच्यापर्यंत पोचवता येतील. बरणी आपली आणावी, आणि झाकणाला भोके पाडायला विसरू नये.